राजमाचीच्या तंबूत माझं श्वासाचं यंत्र



आज पाककृती नाही आणि कुठल्या व्रताची माहितीही नाही. आज आधी एक कबुली आणि मग एका प्रवासाची गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी आमचं महिला मंडळ सम्मेद शिखरजीला गेलं, तेव्हा "गुडघे दुखतात" असं सांगून मी घरी राहिले. माझे गुडघे ठणठणीत आहेत. मी खोटं बोलले. खरं कारण माझ्या उशाशी होतं. पोळ्यांच्या डब्याएवढं एक यंत्र, त्याला एक लांब नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. तो लावल्याशिवाय मी रात्री झोपत नाही. धर्मशाळेच्या हॉलमध्ये दहाजणींच्या रांगेत तो मास्क चढवायचा, या विचारानंच मला घाम फुटला होता. धर्मशाळेत वीज होती, प्लगही होता. अडचण विजेची नव्हती, लाजेची होती.

या आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते आणि श्वास थांबतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. मग शरीर घाबरून आपल्याला अर्धवट जागं करतं, एक मोठा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो आणि सकाळी आपल्याला यातलं काहीही आठवत नाही. माझी तपासणी झाली तेव्हा तासाला ३८ वेळा असं होत होतं. तासाला तीसच्या वर गेलं की डॉक्टर त्याला तीव्र म्हणतात.

घोरणं म्हणजे जाड पुरुषांचं काम, असं मला वाटायचं. पण पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही हा आजार वाढतो, हे मला डॉक्टरांकडून कळलं. सकाळी डोकं जड, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, गोळ्या घेऊनही न उतरणारं ब्लड प्रेशर आणि दिवसा बसल्या बसल्या डुलकी. हे सगळं मला होतं आणि या सगळ्याला मी "वय झालं" म्हणत होते.

डुलकीला मात्र मी वय म्हणत नव्हते. तिला मी पाप म्हणत होते.

तुम्हाला ठाऊक आहे, निद्रा ही आपल्याकडे प्रमादात मोजली आहे. दर्शनावरणीय कर्माच्या भेदांत निद्रेचेच पाच प्रकार येतात, आणि त्यातली प्रचला म्हणजे बसल्या बसल्या येणारी झोप. स्वाध्यायात ती ओळ आली तेव्हा सगळ्या माझ्याकडे नाही, आमच्या एका आक्कांकडे बघून हसल्या होत्या, कारण आक्का नेमक्या तेव्हाच भिंतीला टेकून झोपल्या होत्या. मीही हसले. हसताना मला ठाऊक होतं की पुढच्या पाच मिनिटांत माझीही मान खाली जाणार आहे. सामायिकाला बसले की डुलकी, जाप करताना माळ हातातून गळायची. माझं मनच धर्मात लागत नाही, असं मी कित्येक वर्षं स्वतःला ऐकवलं. एकदा तर गॅसवर दूध ठेवून ओट्याला टेकून उभी राहिले आणि डोळा लागला. पातेलं जळून काळं झालं होतं. त्या दिवशी लेकीनं ठरवलं. रात्री माझ्या घोरण्याचं रेकॉर्डिंग केलं आणि सकाळी मला ऐकवलं. घोरणं ऐकून हसू आलं. मधली शांतता ऐकून मात्र अंगावर काटा आला.

मग तपासणी झाली आणि सीपॅप आलं. हे यंत्र म्हणजे ऑक्सिजन नव्हे, हे आधीच सांगते, कारण निम्म्या लोकांना तसंच वाटतं. खोलीतलीच साधी हवा हे यंत्र थोड्या दाबानं नाकातून आत सोडतं. त्या दाबानं घशाची वाट उघडी राहते. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा जगासमोर मांडली. पहिले पंधरा दिवस मी मास्कशी भांडले. त्यानंतर एका सकाळी उठले तेव्हा डोकं हलकं होतं. त्या दिवशी सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटं मी जागी होते. पूर्ण जागी. मी रडले, हे घरात कुणाला सांगितलं नाही.

तरीही शिखरजीच्या वेळी खोटं बोललेच.

या वर्षी मंडळानं पुन्हा शिखरजी ठरवलं. तिथली वंदना म्हणजे नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोकांची फेरी आणि नऊ किलोमीटर उतार, एकूण सत्तावीस. मागच्या खेपेला निम्म्या बायकांना शेवटी डोली करावी लागली होती. म्हणून या वेळी सराव करायचं ठरलं. पाठीवर आपापलं सामान घेऊन लोणावळ्याहून राजमाचीपर्यंत चालायचं, रात्री तंबूत राहायचं आणि दुसऱ्या दिवशी परत. दिवस डिसेंबरचे. पावसाळ्यात राजमाची फार सुंदर दिसते म्हणतात, पण चातुर्मासात हिरवळीवरून आणि जीवजंतूंवरून तुडवत जाणं आपल्याला पटत नाही.

मी पुन्हा गुडघ्यांवर हात ठेवणार, एवढ्यात लेक म्हणाली, "आई, अजून किती वर्षं तुझे गुडघे दुखणार आहेत?"

मी म्हटलं, "तंबूत प्लग नसतो गं."

"प्लगचं मी बघते. तू फक्त हो म्हण."

आता कामाची माहिती, कारण मला माहीत आहे की वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरात असं यंत्र आहे आणि त्या घरातल्या माणसानं रात्रीचा प्रवास सोडून दिला आहे.

लेकीनं आधी वीज मोजायचं एक छोटं मीटर प्लगमध्ये लावलं आणि यंत्र किती वीज खातं ते पाहिलं. यंत्राला हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी असते, ती पाणी गरम करते. टाकी चालू असताना यंत्र तीस वॉटच्या आसपास खात होतं. टाकी बंद केली तर सात-आठ वॉट. म्हणजे खरी खादाड ती टाकी, हवा ढकलणारा पंखा नव्हे. आठ वॉटनं आठ तास म्हणजे चौसष्ट वॉट-अवर. आम्ही पंच्याण्णव वॉट-अवरची बॅटरी घेतली. बॅटरीवर लिहिलेलं सगळंच्या सगळं हाती येत नाही, थोडं वाया जातं, म्हणून एवढी जास्तीची. शंभरच्या आत ठेवण्याचंही कारण आहे. विमानात शंभर वॉट-अवरपर्यंतची बॅटरी वेगळी परवानगी न घेता नेता येते, पण ती हातातल्या बॅगेत ठेवायची, आत टाकायच्या सामानात नाही.

दुसरी गोष्ट. माझ्या यंत्राला चोवीस व्होल्ट लागतात, काही यंत्रांना बारा लागतात. ते यंत्राच्या अडॅप्टरवर लिहिलेलं असतं. तेवढेच व्होल्ट देणारी बॅटरी आणि त्या यंत्राची योग्य वायर घ्यायची. घरच्या इन्व्हर्टरसारखं मधे काही जोडलं की त्यातच बरीच वीज जाते.

टाकी बंद ठेवायची, तर हवा कोरडी येणार आणि घसा सुकणार. इथे माझी खरी पंचाईत होती. माझा सूर्यास्तानंतर पाण्याचाही त्याग आहे. घसा सुकला म्हणून रात्री घोटभर पाणी, हा सोपा उपाय मला नव्हता. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एक-दोन रात्री टाकीशिवाय चालेल, पण आधी घरी करून बघा. म्हणून तीन रात्री गच्चीवर गादी टाकून, टाकी काढून, बॅटरीवर झोपले. पहिल्या रात्री तोंड उघडं पडून घसा पार वाळला. दुसऱ्या रात्री मास्कचे पट्टे नीट बसवले, कुशीवर झोपले, झोपण्याआधी ओठांना तूप लावलं. तिसऱ्या रात्री निभावलं. ज्यांना निभणार नाही त्यांनी हट्ट करू नये. नियम घेताना औषधोपचाराची सूट ठेवता येते, आपल्या महाराजांना किंवा माताजींना विचारून घ्यावं.

एका मावशींनी मला विचारलं, "विजेचं यंत्र रात्रभर चालवायचं, हवा ढकलायची, यात हिंसा नाही का?" आहे. पंखा लावताना होते, मिक्सर लावताना होते, त्याच जातीची. आपण श्रावक आहोत, मुनी नाही. डोळा लागून गॅसवर काय काय जळलं असतं, ते मी पाहिलेलं आहे.

यंत्र, नळी, मास्क, बॅटरी मिळून वजन दोन किलोच्या आसपास भरलं. तेवढं वजन मी कपड्यांतून आणि डब्यातून कमी केलं. टाकी घरीच ठेवली. टाकीत पाणी असताना यंत्र पिशवीत घालू नका, पाणी आत उतरून यंत्र बिघडतं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटेच्या लोकलनं आम्ही सातजणी आणि माझी लेक लोणावळ्याला उतरलो. तुंगार्लीच्या बाजूनं चालायला लागलो. साधारण पंधरा किलोमीटरची वाट, बरीचशी सपाट, मधे झाडी, मधे उघडं माळरान. गाळलेलं, उकळलेलं पाणी प्रत्येकीच्या पाठीवर. दुपारी झाडाखाली दशम्या आणि लसणाशिवायची शेंगदाण्याची चटणी खाल्ली. साडेतीनच्या सुमाराला उधेवाडीत पोचलो. राजमाचीच्या पायथ्याचं हे गाव, वर श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले. ज्यांच्या अंगणात तंबू लावायचे होते त्या ताईंना फोनवर आधीच सांगितलं होतं, कांदा-लसूण-बटाटा नको आणि जेवण सूर्यास्ताच्या आत. त्यांनी पाच वाजता गरम भाकरी आणि पिठलं वाढलं. कांद्याशिवाय पिठलं त्यांना अळणी वाटलं, पण आमच्यासाठी त्यांनी केलं. सहाच्या सुमाराला सूर्य गेला तेव्हा आमची तोंडं धुऊन झाली होती.

तंबू तीन-तीन जणींचे. माझ्या तंबूत लेक आणि त्याच आक्का.

आरती झाली, गप्पा संपल्या, साडेनऊला सगळ्या आपापल्या तंबूत शिरल्या. मी पिशवीची चेन उघडायला अर्धा तास लावला असेल. शेवटी लेकीनंच यंत्र बाहेर काढलं. जमिनीची धूळ आत ओढली जाऊ नये म्हणून ते उपड्या ताटावर ठेवलं. तंबूची जाळी पूर्ण बंद केली आणि यंत्राचा दिवा मंद केला, कारण उजेडाला किडे येतात आणि हवा ओढणाऱ्या यंत्राजवळ ते नकोतच. थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून ती माझ्या पांघरुणात घेतली. यंत्रावर मात्र काही पांघरलं नाही, त्याला मोकळी हवा लागते.

मी मास्क चढवला. आक्का उठून बसल्या.

"अगं बाई, ही सोंड कसली?"

बाजूच्या तंबूतून हसणं ऐकू आलं. मग एकीनं जाळीतून टॉर्च मारला, मग दुसरीनं. दोन वर्षं ज्या क्षणाला मी भीत होते तो हाच. मी मास्क काढला आणि सगळं सांगितलं. आजार सांगितला, ३८ आकडा सांगितला आणि शिखरजीच्या वेळचे गुडघेही सांगितले. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मंडळाच्या आमच्या वहिनी म्हणाल्या, "एवढंच ना? माझ्या दिरांना पण आहे. ते पण लपवतात. झोप आता." टॉर्च विझले.

मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच लवकर संपलं सगळं.

रात्री एकच्या सुमाराला मी दचकून उठले. कूस बदलताना वायर ओढली गेली होती आणि यंत्र बंद पडलं होतं. अंधारात चाचपत होते. यंत्राचा आवाज नसल्यामुळे तंबूत एकदम शांत झालं होतं आणि त्या शांततेत मला आक्का ऐकू आल्या.

घोरणं. मग काहीच नाही. मी नकळत मोजू लागले. पंधरा, वीस, पंचवीस. मग घशातून आवाज करत मोठा श्वास, कूस बदलणं, पुन्हा घोरणं. पुन्हा काहीच नाही.

रेकॉर्डिंगमध्ये मी हेच ऐकलं होतं, माझं स्वतःचं. वायर जोडली, बॅटरीचे चारपैकी तीन दिवे लागले, मास्क चढवला, पण बराच वेळ झोप आली नाही. स्वाध्यायातलं माझं हसणं आठवत राहिलं.

सकाळी साडेपाचला यंत्र बंद केलं तेव्हा बॅटरीचा एक दिवा शिल्लक होता. घसा कोरडा होता, पण डोकं हलकं होतं. आक्का कपाळ दाबत बसल्या होत्या. म्हणाल्या, नव्या जागी झोप लागत नाही. मी काही बोलले नाही. नवकारशीनंतर पाणी पिऊन आम्ही श्रीवर्धनवर चढलो. वरून शिरोट्याचं पाणी दिसत होतं. बाकीच्या फोटो काढत होत्या. आक्का एका दगडावर बसल्या, मी शेजारी बसले आणि सांगितलं. रात्री काय ऐकलं ते, किती मोजलं ते.

आक्का आधी रागावल्या. "म्हणजे मी घोरते म्हणतेस?" मग बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "जाप करताना झोप येते म्हणून दोन वर्षं झाली, मी रोज एक रस सोडते. आज तूप, उद्या मीठ, परवा गोड. म्हटलं, शरीर माजलंय, त्याला वळण लावावं. तरी झोप येतेच. मग आणखी काहीतरी सोडते."

मला बोलता येईना. सत्तरीकडे झुकलेली बाई आपल्या आजाराची शिक्षा आपल्या ताटाला देत होती आणि आम्ही तिच्याकडे बघून हसत होतो. कर्म आहेच, ते मी नाकारत नाही. पण सगळ्या झोपेला प्रमाद म्हणण्याआधी डॉक्टरला विचारायला हवं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आक्कांना सांगितलं. "रसत्याग चालू ठेवायचा असेल तर ठेवा आक्का, तो चांगलाच आहे. पण झोपेसाठी नको. झोपेसाठी तपासणी करा."

परतीच्या वाटेवर आक्कांची पिशवी लेकीनं घेतली. माझी मी घेतली, दोन किलोच्या यंत्रासकट. पंधरा किलोमीटर. गुडघे अजिबात दुखले नाहीत, हे मंडळातल्या सगळ्यांनी मला वाटेत तीन-चार वेळा विचारून घेतलं.

गेल्या आठवड्यात आक्कांचा फोन आला. मुलानं तपासणी करून आणली. त्यांचा आकडा ४१. "तुझ्यापेक्षा जास्त," असं त्यांनी सांगितलं, आणि आवाजात थोडा विजय होता. मास्क नाकाला टोचतो म्हणून त्या रोज तक्रार करतात. मी रोज सांगते, पट्टा आवळू नका, थोडा सैल करा आणि पंधरा दिवस द्या.

शिखरजीची तिकिटं फाल्गुनातली निघाली आहेत. धर्मशाळेला फोन करून मी सांगितलंय की आमच्या खोलीत भिंतीला दोन प्लग हवेत. मधुबनहून वंदनेला मध्यरात्रीनंतर निघायचं असतं, तेव्हा त्या रात्री आठाऐवजी साडेसातलाच मास्क चढवायचा, हे आम्ही दोघींनी ठरवून टाकलं आहे.

ज्यांच्या उशाशी असं यंत्र आहे आणि ज्या ते पाहुणे आले की कपाटात लपवतात, त्यांनी मला जरूर लिहा. मागच्या खेपेला मंडळाशी खोटं बोलले, त्याबद्दल सगळ्यांची क्षमा मागते.

जय जिनेंद्र.